कोल्हापूरहून विमानप्रवास : अंतर किती, वेळ किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर विमानतळावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथं एकत्र केले आहेत. विमानांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात : मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी वेळापत्रक सुरू होतं. त्यामुळे कुठलं विमान किती वाजता सुटतं, हे इथं शोधू नका. ते तिकीट काढतानाच बघा. अंतरं मात्र बदलत नाहीत, आणि वेळेचं गणितही फारसं बदलत नाही.

१. कोल्हापूर ते मुंबई विमानाने नेमकं अंतर किती?

सुमारे ३०९ किलोमीटर. हे उजळाईवाडीच्या विमानतळापासून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळापर्यंतचं सरळ हवाई अंतर आहे. काही ठिकाणी ३०८ दिसेल. पृथ्वी पूर्ण गोल धरली की एक आकडा येतो आणि ध्रुवांकडे थोडी चपटी धरली की दुसरा. त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

२. मग कुठं १९२, कुठं १६७, कुठं ३८० दिसतं. यातलं खरं कुठलं?

सगळीच खरी आहेत, एकक वेगळं आहे. १९२ म्हणजे साधे मैल (१ मैल = १.६०९ किमी). १६७ म्हणजे नॉटिकल मैल, म्हणजे सागरी मैल (१ सागरी मैल = १.८५२ किमी), वैमानिक आणि हवाई नियंत्रक हेच वापरतात. ३८० च्या आसपासचा आकडा हा पुणे-बेंगळुरू महामार्गाने गाडीचा. ५१८ दिसलं तर ते रेल्वेचं अंतर समजा. गाडी मिरज, सांगली, कराड, साताऱ्यावरून लोणंद, नीरा, जेजुरी करत पुण्याला पोहोचते, तोवरच ३२६ किलोमीटर होतात. हेच पुणे महामार्गाने २३०-२३५ किलोमीटरवर आहे आणि हवेतून २१७ वर. म्हणजे आपला महामार्ग तसा बराच सरळ आहे, वळसा घेते ती रेल्वे.

३. मुंबई सोडून बाकीच्या शहरांची हवाई अंतरं सांगा.

विमानतळ ते विमानतळ, सरळ रेषेत आणि एक-दोन किलोमीटर इकडंतिकडं धरून : बेळगाव ९६, गोव्यातलं मोपा ११२, दाबोळी १५१, पुणे २१७, हैदराबाद ४४५, बेंगळुरू ५३२, तिरुपती ६५७, नागपूर ७०२, अहमदाबाद ७३४, दिल्ली १,३५३. ही फक्त अंतरं आहेत. या सगळ्या ठिकाणी कोल्हापुरातून थेट विमान आहेच असा याचा अर्थ नाही. बेळगाव, गोवा आणि पुण्याचे आकडे दिले, कारण लोक तिथून विमान पकडावं का असं विचारतात (प्रश्न १३ पाहा).

नागपूरचा आकडा बघून बरेच जण चमकतात. एकाच राज्यातलं नागपूर आपल्याला तिरुपतीपेक्षा लांब आहे, आणि बेंगळुरू तर दोन्हींपेक्षा जवळ.

४. हे अंतर काढतात कसं? घरी काढता येईल का?

येईल, आणि दहावीच्या गणितात भागतं. कोल्हापूर विमानतळ १६.६६ अंश उत्तर अक्षांश आणि ७४.२९ अंश पूर्व रेखांशावर आहे, मुंबई १९.०९ आणि ७२.८७ वर. अक्षांशांतला फरक २.४३ अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून उत्तरेकडे २७० किलोमीटर. रेखांशांतला फरक १.४२ अंश. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर १११ चाच असतो, पण ध्रुवाकडे जाऊ तसा आक्रसत जातो; आपल्या पट्ट्यात तो सुमारे १०६ किलोमीटर भरतो. म्हणून पश्चिमेकडे १५० किलोमीटर. आता पायथागोरस : २७० चा वर्ग अधिक १५० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ३०९.

एवढ्या जवळच्या अंतराला हे चालतं. दुबई-लंडनला ही युक्ती फसते, कारण जमिनीची वक्रता मधे येते. तिथं गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग, ज्याला बृहद्वृत्त म्हणतात, तो काढावा लागतो (प्रश्न १६ पाहा).

नकाशावर कोल्हापूर आणि मुंबई विमानतळाला पट्टी लावून बघाच. रेघ पन्हाळा डाव्या हाताला ठेवून निघते, कोयनेच्या जलाशयाच्या जवळून सह्याद्री गाठते, प्रतापगडाला जवळजवळ घासून जाते, रायगड काही किलोमीटरवर उजवीकडे ठेवते आणि कोकणात उतरून मुंबईला भिडते. विमान तंतोतंत या रेघेवरून जात नाही (प्रश्न ८), पण स्वच्छ हवेत खिडकी मिळाली तर डोळे मोबाइलमध्ये घालून बसू नका.

५. विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर. मग ३०९ किलोमीटरला २३ मिनिटं पुरे. तिकिटावर तासभर का लिहितात?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

तिकिटावरचा वेळ हा हवेतला वेळ नसतो. तो ‘ब्लॉक टाइम’ असतो : विमान उभ्या जागेवरून हललं तेव्हापासून दुसऱ्या विमानतळावर उभ्या जागी येऊन थांबलं तोपर्यंत. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, परवानगीची वाट बघणं, उड्डाण, चढण, सरळ प्रवास, उतरण, उतरल्यावर पुन्हा रांगत जागेवर येणं हे सगळं धरलेलं असतं. कोल्हापूर छोटं, तिथं रांगायला चार-पाच मिनिटं. मुंबईत हेच पंधरा मिनिटांवर जाऊ शकतं.

दुसरी गोष्ट म्हणजे ८०० चा वेग विमान उंचावर पोहोचल्यावर येतो. १०,००० फुटांखाली सर्वसाधारणपणे २५० नॉट्स, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटर, ही वेगाची मर्यादा असते. मुंबईसारख्या जवळच्या प्रवासात विमान चढून नीट सरळ होतंय तोवर उतरायची तयारी सुरू होते. हवाई सुंदरी पाण्याची बाटली देऊन परत फिरते आणि लगेच पट्टे बांधायची घोषणा होते, ते यामुळेच.

तिसरी गोष्ट कंपन्या उघड बोलत नाहीत. वेळापत्रकात थोडा राखीव वेळ टाकलेला असतो. मुंबईत उशीर होणार हे कंपनीला ठाऊक असतं, म्हणून पंचेचाळीस मिनिटांच्या प्रवासाला ती पासष्ट लिहिते. मग विमान दहा मिनिटं आधी टेकलं की आपल्यालाही बरं वाटतं आणि त्यांची वक्तशीरपणाची टक्केवारीही सुधारते. यात लबाडी नाही, पण हे माहीत असलेलं बरं.

तेव्हा मुंबईसाठी विमान कुठलं यावर अवलंबून पन्नास मिनिटं ते सव्वा तास धरून चाला.

६. पंख्याचं विमान आणि जेट, वेळेत खरंच फरक पडतो का?

पडतो, पण अंतराप्रमाणे. कोल्हापुरात पंख्याची एटीआर-७२ आणि एम्ब्रेअर जातीची जेट विमानं, अशी दोन्ही येत आली आहेत. एटीआर ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडतं आणि २५,००० फुटांच्या वर जात नाही. एम्ब्रेअर ८०० च्या वर जातं आणि ३५,००० फूट सहज गाठतं.

मुंबईला हा फरक दहा-पंधरा मिनिटांचा. कारण निम्मा वेळ चढण्या-उतरण्यात आणि जमिनीवर जातो आणि तिथं दोघांचा वेग साधारण सारखाच. हैदराबादला फरक वीस मिनिटांच्या घरात जातो, आणि तिरुपती-अहमदाबादसारख्या पल्ल्याला अर्ध्या तासाच्या पुढं. पंख्याचं विमान म्हणजे जुनाट किंवा धोक्याचं, हा समज मात्र डोक्यातून काढा. छोट्या धावपट्टीसाठी आणि जवळच्या अंतरासाठी ते मुद्दाम बनवलेलं असतं आणि इंधनही कमी पितं. आपल्या विमानतळाची धावपट्टी वाढवण्याआधी १,३७० मीटरचीच होती, हेही लक्षात घ्या.

७. वेळापत्रक न बघता अंदाज काढायचं काही सूत्र आहे का?

हवाई अंतराला वेगाने भागा (एटीआरसाठी ५००, जेटसाठी ८००) आणि वर अर्धा तास टाका. हैदराबाद, एटीआर : ४४५ भागिले ५०० म्हणजे ५३ मिनिटं, अधिक ३०, म्हणजे सुमारे एक तास पंचवीस मिनिटं. बेंगळुरू, जेट : ४० अधिक ३०, म्हणजे एक तास दहा. मोठ्या, गजबजलेल्या विमानतळाला आणखी दहा मिनिटं घाला. याहून अचूक सूत्र करायला गेलात तर तुमचा वेळ जाईल, विमानाचा वाचणार नाही.

८. विमान सरळ रेषेतच जातं ना?

नाही. हवेतही ठरलेले मार्ग आणि ठरलेले बिंदू असतात. शिवाय उड्डाण आणि अवतरण वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने करायचं असतं, म्हणून धावपट्टी जिकडं तोंड करून आहे तिकडं जाऊन मग वळावं लागतं. आपली धावपट्टी साधारण पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैऋत्य अशी आहे आणि मुंबई वायव्येला. म्हणजे सुरुवातीलाच वळण आलं.

मुंबईचं आणखी वेगळं. तिथं वर्षातला बराच काळ वारा समुद्राकडून असतो, त्यामुळे विमानं पूर्वेकडून, घाटकोपर-कुर्ल्याच्या घरांवरून उतरतात. दक्षिणेकडून आलेलं आपलं विमान थेट शिरत नाही. आधी पूर्वेला जाऊन, वळून, रांगेत लागून मग उतरतं. ‘समुद्र दिसायच्या आधीच उतरलो’ असं लोक म्हणतात ते म्हणूनच.

हा वळसा साधारण किती धरायचा, याचा एक अधिकृत ठोकताळा आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे इकाओ, कार्बन उत्सर्जनाचा हिशेब करताना ५५० किलोमीटरपेक्षा कमी अंतरात ५० किलोमीटर मिळवते, ५५० ते ५,५०० मध्ये १०० आणि त्यापुढे १२५. या हिशेबाने मुंबई ३०९ ऐवजी ३५९ होते.

९. मुंबईच्या डोक्यावर येऊनही विमान गोल गोल का फिरतं?

मुंबईच्या मुख्य विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. म्हणून एका वेळी व्यवहारात एकच वापरता येते. एवढ्या वर्दळीला ती अपुरी पडते, मग विमानांना हवेत थांबवून ठेवतात. विमान हवेत थांबू शकत नाही, म्हणून लांबट गोलात फिरतं. पावसाळ्यात हे जास्त होतं. घिरट्यांसाठीचं जास्तीचं इंधन विमानात आधीच भरलेलं असतं, तेव्हा आजीला घाबरू नको म्हणून सांगा.

१०. जाताना आणि येताना वेळ वेगळा का दाखवतात?

दोन कारणं. एक वारा : मागून आला तर लवकर, समोरून आला तर उशीर. मुंबई-कोल्हापूरसारख्या उत्तर-दक्षिण आणि जवळच्या मार्गावर त्याने दोन-चार मिनिटांचाच फरक पडतो. दुसरं आणि मोठं कारण मुंबईची गर्दी. मुंबईकडं जाताना घिरट्यांचा राखीव वेळ (प्रश्न ५ आणि ९) धरलेला असतो. तिकडून येताना उजळाईवाडीत रांग नसते, आलं की टेकलं.

११. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोहोचायला नको का? जमीनच त्याच्याकडं येतेय की!

हा प्रश्न शाळकरी मुलांकडून येतो आणि त्यांच्या वडिलांकडूनही. पृथ्वीबरोबर तिच्यावरची हवाही फिरते आणि विमान त्या हवेत पोहतं. धावत्या महालक्ष्मी एक्सप्रेसच्या डब्यात तुम्ही इंजिनाकडं चाला किंवा उलटं चाला, डबा ओलांडायला तेवढाच वेळ लागतो, तसं हे आहे.

फरक पडतो तो उंचावरच्या वाऱ्याने. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, ते पूर्वेला जाणाऱ्या विमानाला ढकलतात. पावसाळ्यात दक्षिण भारतावर फार उंचीवर उलटे, पूर्वेकडून वारे असतात.

१२. विमान इतकं उंच जातं, तर चढ-उताराने अंतर वाढत नाही का?

जवळजवळ नाहीच. सहा किलोमीटर उंचीवरून सगळा प्रवास केला तरी मुंबईपर्यंत जेमतेम तीनशे मीटर वाढतात. रंकाळ्याची पाव फेरीसुद्धा नाही.

१३. पुणे, बेळगाव किंवा गोव्यातून विमान पकडणं परवडतं का?

हवाई अंतरावर हे ठरवू नका. मोपा आपल्यापासून सरळ रेषेत ११२ किलोमीटर आहे, पण मधे सह्याद्री आहे. आंबोली किंवा फोंडा घाट उतरून जायला तीन-चार तास मोडतात, पावसात जास्त. बेळगाव महामार्गावर सुमारे ११० किलोमीटर, दोन-अडीच तासांत होतं, म्हणून जवळच्या पर्यायांत ते सोयीचं. कागल, निपाणी, गडहिंग्लजकडच्यांना तर बेळगाव आणि उजळाईवाडी यांत निवड करायला खरंच वाव आहे. पुण्याला चार-पाच तास धरा आणि शहरात शिरल्यावर लोहगाव विमानतळापर्यंतचा वेळ वेगळा.

आपल्याकडून थेट विमान नसलेल्या ठिकाणी जायचं असेल, तर पुण्याहून थेट की कोल्हापुरातून मुंबईमार्गे, असा हिशेब घालावा. आमचं मत : सामान कमी आणि सोबत कुणी म्हातारं नसेल तर पुणे. लहान मूल किंवा आई-वडील सोबत असतील तर दोन विमानं बदलली तरी इथूनच निघावं. पाच तास गाडीत बसून लगेच रांगेत उभं राहणं अंगावर येतं.

१४. मुंबईला रात्रीची रेल्वे बरी की विमान? खरा वेळ किती वाचतो?

मंगळवार पेठेतून दादरला जायचंय असं धरू. घरातून उजळाईवाडी अर्धा तास. सुटायच्या दीड तास आधी पोहोचलात (काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो). प्रवास एक तास. उतरून सामान घेऊन बाहेर यायला अर्धा तास. विमानतळ ते दादर सकाळी पाऊण तास, संध्याकाळी दीड. एकूण सव्वाचार ते पाच तास. गाडीने सात-आठ, रेल्वेने दहा-अकरा.

कागदावर विमान जिंकतं. पण महालक्ष्मीचे तास रात्रीचे आहेत; झोपून गेलात तर दिवस वाया जात नाही आणि सकाळी कामाला उभे. म्हणून एकाच दिवशी जाऊन-येऊन करायचं असेल किंवा मंत्रालयातलं काम दुपारचं असेल तर विमान, नाहीतर रात्रीच्या गाडीला अजून तोड नाही. हे विमानाच्या माहितीत लिहिणं विचित्र वाटेल, पण विचारणारे पुष्कळ आहेत.

सांगली-जयसिंगपूरकरांनी पावसाळ्यात एक ध्यानात ठेवावं. उजळाईवाडी पंचगंगेच्या अलीकडे, कोल्हापूरच्या बाजूला आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता. तशी वेळ आली तर विमान सुरू असूनही विमानतळापर्यंत पोहोचता येणार नाही.

१५. तिरुपतीला विमानाने गेलो तर दर्शन करून कधी परत येईन?

अंबाबाईला नवरात्रात तिरुपतीहून शालू येतो, आणि बालाजीनंतर अंबाबाईचं दर्शन घेतल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही असं मानणारे भाविक खूप. त्यामुळे हा प्रश्न दोन्ही बाजूंनी येतो. ६५७ किलोमीटरला जेटने सव्वा-दीड तास. पण तिरुपतीचं विमानतळ रेणिगुंट्याला आहे. तिथून तिरुपती शहर सुमारे १५ किलोमीटर आणि पुढं तिरुमलाचा घाट वीसेक किलोमीटर. उतरल्यापासून डोंगरावर पोहोचायला दीड-दोन तास ठेवा. हरिप्रिया एक्सप्रेसला वीसेक तास लागतात, तेव्हा प्रवासात विमान किती वाचवतं हे उघड आहे. दर्शनाच्या रांगेत मात्र विमानाचं तिकीट कामाचं नाही. एका मुक्कामाची तयारी ठेवूनच परतीचं तिकीट काढा.

१६. मुलगा दुबईला, मुलगी लंडनला. तिकिटावर सुटायची आणि पोहोचायची वेळ बघितली तर प्रवासाचा वेळ जुळतच नाही.

तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागं. मुंबईहून सकाळी १० ला सुटून सव्वातीन तास उडालं, तर आपल्याकडं सव्वा वाजलेला असतो, पण तिकिटावर पावणेबारा छापलेलं असतं. परतीला उलटं : दुबईहून दुपारी २ ला सुटून तीन तासांत आलं, तर मुंबईत साडेसहा. म्हणजे जाताना पावणेदोन तासांचा आणि येताना साडेचार तासांचा प्रवास वाटतो.

लंडनचं अजून अवघड, कारण ते घड्याळ पुढं-मागं करतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेचार तासांचा, बाकी वर्षभर साडेपाच. मुंबई-लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर. जाताना साधारण दहा तास, येताना वाऱ्यामुळे नऊच्या आसपास. मधल्या देशाने हवाई हद्द बंद केली की हे गणित कोलमडतं. २०१९ मध्ये पाकिस्तानने फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत हद्द बंद ठेवली, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणारी विमानं मोठा वळसा घालत होती.

अमेरिकेला जाणाऱ्यांना समोरच्या पडद्यावर विमान रशिया, उत्तर ध्रुवाकडं निघालेलं दिसतं आणि धडकी भरते. मुंबई-न्यूयॉर्क सुमारे १२,५०० किलोमीटरचा सर्वांत जवळचा मार्ग वरूनच जातो. सपाट नकाशावर तो वाकडा दिसतो. घरातल्या पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरा, लगेच पटेल.

१७. कोल्हापूर-दिल्ली शोधलं तर कधी पाच तास, कधी अकरा तास दाखवतं. अंतर तर तेच आहे!

थेट विमान नसेल तर तो आकडा मधल्या थांब्यासकटचा असतो. सरळ अंतर १,३५३. मुंबईमार्गे ३०९ अधिक १,१४० म्हणजे साडेचौदाशेच्या आसपास. हैदराबादमार्गे ४४५ अधिक १,२६० म्हणजे सतराशे. हवेतला फरक अर्ध्या तासाचाही नाही. बाकी सगळा वेळ विमानतळावरच्या खुर्चीत जातो. म्हणून एकूण वेळ बघू नका, थांबा किती तासांचा आहे ते बघा.

दोन्ही विमानं एकाच तिकिटावर आहेत का, हेही तपासा. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान उशिरा पोहोचलं तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबणार नाही, पैसेही परत देणार नाही. वेगळीच तिकिटं काढायची असतील तर किमान चार तासांचं अंतर ठेवा, कारण मुंबईत टर्मिनल १ सांताक्रूझला आणि टर्मिनल २ सहारला, मधे शहरातला रस्ता.

आता तर मुंबईच्या नावाखाली दोन विमानतळ आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेलं नवी मुंबईचं विमानतळ कोल्हापूरपासून सरळ २८९ किलोमीटरवर आहे. जुन्याचं संक्षिप्त नाव बीओएम, नव्याचं एनएमआय. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून उडायचं तिकीट चुकून निघू शकतं, आणि मधला रस्ता गर्दीच्या वेळी दोन तास खातो. गोव्याचंही तसंच : दाबोळी जीओआय, मोपा जीओएक्स.

१८. विमानाला उशीर झाला किंवा ते रद्द झालं, तर अंतरानुसार भरपाई मिळते का?

अंतरानुसार नाही, ब्लॉक टाइमनुसार (प्रश्न ५). नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे, वेळेत न कळवता आणि कंपनीच्या कारणाने विमान रद्द झालं तर तिकिटाच्या परताव्याबरोबरच भरपाईही मिळते : एक तासापर्यंतच्या ब्लॉक टाइमला ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५००, त्यापुढं १०,०००, किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. कोल्हापूर-मुंबई नेमकं तासाच्या काठावर आहे. वेळापत्रकात ५५ मिनिटं छापली असतील तर एक हिशेब आणि ६५ असतील तर दुसरा.

उशिराबद्दल : ब्लॉक टाइम अडीच तासांपर्यंत असेल आणि उशीर दोन तास किंवा जास्त असेल, तर कंपनीने खाणं-पिणं द्यायचं असतं. मागितल्याशिवाय बहुधा मिळत नाही, तेव्हा काउंटरवर जाऊन मागा. धुकं, पाऊस, हवाई नियंत्रणाचा आदेश अशी कारणं कंपनीच्या हातात नसतात, त्यांत रोख भरपाई नाही.

१९. उडान योजनेत भाडं अंतरावर ठरतं म्हणतात. कोल्हापूरला त्याचा फायदा आहे का?

उडान ही लहान शहरांना परवडणाऱ्या विमानसेवेने जोडण्याची केंद्र सरकारची योजना. तिच्यातली कमाल भाडी पल्ल्यानुसार ठरवलेली असतात. २७ एप्रिल २०१७ ला शिमला-दिल्ली मार्गावर योजना सुरू झाली, तेव्हा सुमारे पाचशे किलोमीटर किंवा तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये ही मर्यादा गाजली होती. पण ती फक्त योजनेतल्या ठरावीक जागांना लागू असते, आणि एखाद्या मार्गाला मिळणारी मदत ठरावीक वर्षांची असते. तुमच्या तारखेला त्या जागा संपल्या की बाकीची तिकिटं बाजारभावाने. अंतर कमी म्हणून भाडं कमीच असेल, असं गृहीत धरू नका. दिवाळीच्या आठवड्यात मुंबईचं तिकीट हैदराबादपेक्षा महाग दिसू शकतं.

२०. हवा खराब म्हणून कोल्हापूरचं विमान दुसरीकडंच उतरवलं तर?

पावसाळ्यात खाली आलेले ढग आणि थंडीत सकाळचं धुकं, ही मुख्य कारणं. वैमानिक थोडा वेळ वाट बघतो, नाही जमलं तर जवळच्या दुसऱ्या विमानतळावर नेतो किंवा निघाला तिथंच परततो. इंधन भरून, हवा उघडल्यावर पुन्हा यायचं की प्रवाशांना तिथंच उतरवायचं, हे कंपनी ठरवते. पुढची सोय कशी करणार ते विमानात बसूनच विचारून घ्या. खाली उतरून पांगल्यावर उत्तर मिळवणं कठीण जातं. घरच्यांनी घ्यायला उजळाईवाडीला निघण्याआधी विमान तिकडून खरंच सुटलं का, एवढं मोबाइलवर बघून निघावं.

२१. मी शोधलं तर मुंबईपासून १,६६० किलोमीटर दाखवलं. हे काय?

तुम्ही ‘कोल’ टाइप करून पहिलं नाव दाबलंत, ते कोलकाता होतं. कोल्हापूरचं संक्षिप्त नाव केएलएच आहे, कोलकात्याचं सीसीयू. पैसे भरण्याआधी ही तीन अक्षरं वाचा. कोलकात्याचं तिकीट निघालंच असेल तर लगेच रद्द करायला घ्या, जितका उशीर कराल तितकी कपात वाढते.